रागावून जागे करण्याच्या सेवेवरील बंदी मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
'नोकरी सांभाळून उद्योग' कक्ष,
दुसरा मजला, लिफ्ट बंद असलेल्या बाजूस.

विषय: अर्जदाराच्या सासूबाई फोनवरून रागावून लोकांना झोपेतून उठवतात, त्या घरगुती सेवेवर घातलेली बंदी मागे घेण्याबाबत.

संदर्भ: १) आपले बंदीचे पत्र, ज्यावर तारीख घालायची राहून गेली आहे.
२) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज, जो त्यात 'मी' हा शब्द वारंवार आला या कारणावरून परत पाठवण्यात आला.

महोदय,

१. संदर्भ क्र. २ वरून शहाणे होऊन या अर्जात तो शब्द टाळला आहे. पुढे जे काही येईल ते 'अर्जदार' नावाच्या कोणा बाईच्या घरात घडले असे समजून वाचावे. कार्यालयास त्यामुळे वाचणे सोपे जाईल, आणि वाचून विसरणे तर फारच सोपे जाईल.

२. अर्जदार ही लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारीचे फोन घेण्याच्या कामावर पूर्णवेळ आहे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो, ते सगळे दिवसभर अर्जदाराच्या कानावर पडते. आपल्या कार्यालयाच्या लिफ्टची तक्रारही तिनेच नोंदवून घेतली होती. कारागीर वेळेवर आला. काम सुरू करण्याच्या परवानगीवर वरच्या मजल्यावर सही मिळेल, असे त्यास सांगण्यात आले. त्याचे गुडघे दुखत असल्याने तो खालूनच परत गेला.

३. आपल्या कक्षाने नोकरदारांसाठी मोफत प्रशिक्षण ठेवले होते. नोकरी सोडू नका, लहानशी कल्पना घ्या, इंटरनेटवर एक पान टाका, कोणी मागते का बघा, कोणी विचारलेच नाही तर पुढची कल्पना घ्या, असे तेथील सल्लागारांनी सांगितले. सल्ला वाईट नव्हता. सल्ला देण्याखेरीज आपण स्वतः कोणता उद्योग केला, असे मागच्या बाकावरून एकाने विचारले तेव्हा चहाची सुट्टी जाहीर झाली. नोकरदारांसाठी चालणाऱ्या या कक्षाची खिडकी फक्त नोकरीच्या वेळात उघडी असते, हे अर्जदारास त्या सुट्टीत कळले. तेव्हापासून ती जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन आपल्या कार्यालयाचा जिना चढत आहे.

४. सांगितल्याप्रमाणे अर्जदाराने कामावरून आल्यावर, स्वयंपाक आणि भांडी उरकून, कल्पना तपासायला सुरुवात केली. तिचे यजमान रंगाच्या दुकानात रंग मिसळून देतात. त्यांनी फोटो काढून पानाचे काम केले. पहिली कल्पना बुटांच्या नाड्या हव्या त्या लांबीत कापून पाठवण्याची होती. एकच गिऱ्हाईक आले, आणि त्याला एकच नाडी हवी होती. दुसरी कल्पना किल्ल्यांना बांधायच्या नावाच्या पट्ट्यांची. तिला भरभरून मागणी आली. दोघे नवराबायको आठवडाभर हवेत होते. मग उलगडा झाला की सगळी मागणी थोरल्या दिरांनी भावजयीचे मन राखण्यासाठी वेगवेगळ्या नावांनी नोंदवली होती. दिरांकडे किल्ल्या दोनच आहेत. अपयश साजरे करा, असे सल्लागारांनी सांगितले होते, पण घरात कोणाला तशी हौस दिसली नाही.

५. येथे सासूबाईंविषयी सांगणे भाग आहे. त्या बाटल्यांच्या कारखान्यात पहिल्या पाळीच्या मुकादम होत्या. त्यांच्या आवाजावर पाळी भरायची. आधी निवृत्ती आली आणि पाठोपाठ सासरे गेले, तेव्हापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून असत. जेवायला बसा म्हटले की 'बरं'. नको असेल तर राहू द्या म्हटले तरी 'बरं'. सासू प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणते हे ऐकून अर्जदाराच्या मैत्रिणींना तिचा हेवा वाटे. अर्जदारास मात्र त्या 'बरं'ची भीती वाटत असे, हे ती येथे स्पष्ट नमूद करते. तिच्या लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षे या बाईने तिला धारेवर धरले होते. कामाला लावले ते त्यांनीच, आणि नोकरी सोडू दिली नाही तीही त्यांनीच.

६. तिसरी कल्पना लोकांना सकाळी गोड आवाजात फोन करून उठवण्याची होती. रस्त्यावर गाड्या सुरू होण्याआधी, स्वयंपाकघरात उभे राहून अर्जदार नमुन्याचा आवाज मुद्रित करत होती. 'शुभ सकाळ, नवा दिवस आपली वाट पाहतो आहे,' हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटले की आतल्या खोलीतून अचानक आवाज आला, "अगं, असं बोलल्यावर उठलेला माणूससुद्धा परत झोपेल. ऊठ म्हणावं सरळ. पाणी जाईल, पाळी चुकेल, आणि हा मेला पांघरुणात शिरून कसला विचार करतोय? चल ऊठ, पाय खाली टाक आधी." घरात इतके बोलणे कित्येक महिन्यांत झाले नव्हते. मुद्रण चालूच होते; अर्जदाराने तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकला. त्याच भरात, कामाला उशीर होत असताना, तिने गोड आवाजाऐवजी तोच तुकडा पानावर चढवला. संध्याकाळपर्यंत विचारणा सुरू झाल्या होत्या. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, त्या आतल्या बाई फोन करतील का.

७. तेव्हापासून सासूबाई पहाटे उठतात, केस विंचरतात, चष्मा पुसतात आणि फोनपुढे बसतात. औषध दुकानदाराला त्या दुकानाच्या कुलपावरून बोलतात. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला दुपारी उठवतात आणि आधी जेवलास का ते विचारतात. परीक्षेला बसलेल्या एका परिचारिकेला त्यांनी असे काही झापले की ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन अर्धा तास आधीची वेळ मागून घेतली. परवा भाजीत मीठ कमी पडले म्हणून सासूबाईंनी अर्जदाराचीही खरडपट्टी काढली. अर्जदार मोरीत गेली, नळ मोठा केला आणि पोटभर रडली. इतका आनंद तिला नोकरीत कायम झाल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

८. उद्योग चालू लागला म्हणून तो आपल्या सांगण्याप्रमाणे नोंदवावयास अर्जदार आली, हीच तिची चूक झाली. 'रागावणे' हा प्रकार आपल्या यादीत नाही. पहिल्या खिडकीने ते समुपदेशन ठरवून सासूबाईंची पदवी मागितली. दुसऱ्या खिडकीने ती करमणूक ठरवली व येण्याजाण्याची दोन दारे आणि आगीसाठी वाळूच्या बादल्या दाखवा म्हणून सांगितले. तिसऱ्या खिडकीने आवाजाची पातळी मोजण्यास निरीक्षक पाठवले. सासूबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिले, आणि उन्हाचे चालत आलात का म्हणून विचारपूस केली. निरीक्षकांनी यंत्र तासभर धरून ठेवले. 'रागावणे आढळून आले नाही' असा त्यांचा अहवाल आहे.

९. त्यानंतर आपले बंदीचे पत्र आले. सदर सेवा अस्तित्वात नसल्याचे पाहणीत दिसून आले आहे, आणि ती सेवा घेणाऱ्यांस मानसिक त्रास होत असल्याने ती त्वरित थांबवावी, असे त्यात एकाच परिच्छेदात म्हटले आहे. नसलेल्या गोष्टीचा त्रास कोणाला झाला हे अर्जदाराने खिडकीवर विचारले असता, तो विषय आमच्या टेबलाचा नाही असे उत्तर मिळाले. आपण पानही बंद करविले. पानावरूनच जोडले जाणारे गिऱ्हाइकांचे फोन थांबले.

१०. पत्रासोबत एक हमीपत्र जोडलेले होते. 'यापुढे कोणावरही, फोनवर अथवा समक्ष, रागावणार नाही' असे त्यात छापलेले असून खाली सासूबाईंची सही हवी आहे. ते देताना आपले लिपिक हसले आणि म्हणाले, "घ्या ताई, अशी हमी सरकारी शिक्क्यावर कुठल्या सुनेला मिळते?" खिडकीमागचे बाकीचेही हसले. अर्जदारास ते वाक्य विनोदी वाटले नाही. तिच्या घरात ही हमी सासूबाईंनी सहीविना आधीच एकदा देऊन टाकली होती, आणि त्या दिवसांत त्यांच्या ताटातले अन्न जसेच्या तसे परत जात असे. आपल्या कक्षास माणसाचे रागावणे दिसते, त्याचे गप्प होणे दिसत नाही. अशा डोळ्यांच्या भरवशावर आपण उद्योगांची पारख करता याचे अर्जदारास आश्चर्य वाटते, आणि खरे सांगायचे तर कीवही येते.

११. बंदीची बातमी सासूबाईंना सांगण्याचे धैर्य घरात कोणालाच झाले नाही. यजमानांनी सांगावे असे अर्जदाराचे म्हणणे होते, अर्जदाराने सांगावे असे यजमानांचे, आणि थोरले दीर फोनच उचलेनात. शेवटी घरच्यांनीच स्वतः फोन लावून गिऱ्हाईक व्हायचे ठरले. तेव्हापासून रोज पहाटे यजमान गच्चीवर जाऊन पाळी बदलून मिळालेला पहारेकरी होतात, दीर आपल्या घरून परिचारिकेचा भाऊ होतात, आणि अर्जदार जिन्यात बसून, तोंडावर पदर धरून, औषध दुकानदाराच्या आवाजात बोलणी खाते. नंतर ती कामावर जाते आणि दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेल्यांची बोलणी खाते. पूर्ण नोकरी करून उद्योग कसा सांभाळावा याचे एवढे चोख उदाहरण आपल्या प्रशिक्षणात कोणी दिले नव्हते. पुढच्या वर्गासाठी हवे असल्यास अर्जदार हजर राहील. मात्र वर्ग संध्याकाळी ठेवावा.

१२. आज पहाटे सासूबाईंनी नेहमीप्रमाणे दुकानदाराला फटकारले. कुलूप, उधारी, केस वाढलेत, सगळे झाले. मग त्या जरा थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एक काम करा दुकानदार. आमची सून रोज यावेळी जिन्यात बसते. फरशी गार असते, आणि तिचं कंबरेचं दुखणं जुनं आहे. तुमच्याशी बोलते ना ती? तिला सांगा, आत येऊन बस म्हणावं. इथं कुणी काही विचारणार नाही. आणि गच्चीवरच्या त्या शहाण्याला स्वेटर घालायला सांगा." अर्जदाराच्या तोंडून दुकानदाराचा आवाज काही निघेना. तिने आपल्याच आवाजात 'हो' म्हटले. "मग उठा आता," सासूबाई म्हणाल्या, "उशीर होतोय तुम्हाला कामाला."

१३. सबब सांगणे असे की, सासूबाईंना सर्व कळलेले आहे. स्वतःला आता एकही खरे गिऱ्हाईक नाही हे ठाऊक असूनही उद्या पहाटे त्या उठणार आहेत, केस विंचरणार आहेत आणि फोनपुढे बसणार आहेत, केवळ त्यांच्या मुलांना आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून. आता त्या घरच्यांसाठी उठत आहेत आणि घरचे त्यांच्यासाठी. हे किती दिवस पुरेल ते अर्जदारास सांगता येत नाही, आणि ज्या दिवशी ते पुरणार नाही तो दिवस तिला पाहायचा नाही. तरी बंदी मागे घेऊन त्यांची खरी गिऱ्हाइके त्यांना परत द्यावीत. यादीत प्रकार नसेल तर यादीत एक ओळ वाढवावी. ओळ वाढवण्याचा अधिकार आपल्याला नसेल, तर तो ज्यांना आहे त्यांना उद्यापासून सकाळी कोणीतरी नीट रागावून उठवण्याची गरज आहे, आणि ते काम करणारी व्यक्ती सध्या मोकळी आहे.

नाइलाजाने नम्र,

(सही)
अर्जदार, सून

दिनांक: खिडकीवर कोणी भेटेल त्या दिवशीचा घालावा.

सोबत जोडलेली कागदपत्रे:
१) बंदीच्या पत्राची प्रत.
२) निरीक्षकांचा अहवाल, ज्यात रागावणे आढळले नाही.
३) सासूबाईंच्या सहीसाठी दिलेले हमीपत्र, कोरेच परत. ते त्यांना दाखवलेले नाही आणि या घरात त्यावर कोणी सही मागणार नाही.