पुलापलीकडचा प्रांत

कुरुंदवाड,
४ जुलै २००४

चि. सौ. सुचेता हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि तुझ्या आईचे तिकीट दोन्ही पोचले. तिकीट ती दिवसातून दोनदा काढून पाहते आणि पुन्हा पासपोर्टात ठेवते. सतरा तारखेला शेजारचे श्यामराव तिला मुंबईच्या विमानतळापर्यंत पोचवतील. मी येण्याचा आग्रह पुन्हा करू नये. माझ्या दोन्ही कानांनी जवळजवळ जबाब दिला आहे. फोनवर तू बोलतेस आणि मी अंदाजाने हो हो म्हणतो, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून पत्रच बरे.

तोक्यो पस्तीस अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे समशीतोष्ण पट्ट्यात. एकतीस वर्षे मुलांकडून हे घोकून घेतले आहे. तेव्हा दोन स्वेटर आणि कानटोपी बांधून दिली आहे. तिने नाक मुरडले, पण मी ऐकले नाही (ऐकू येत नाही याचा एवढा तरी उपयोग). तिला हवापालट हवाच होता. जयप्रकाश डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही.

आता माझे प्रश्न. तुमच्या वस्तीजवळून कोणती नदी जाते? कोणत्या दिशेला? समुद्रसपाटीपासून उंची किती? आणि शहराची हद्द कुठे संपते? आपले गाव दोन नद्यांच्या बेचक्यात आणि पलीकडे लगेच कर्नाटक, म्हणून विचारतो. नरेंद्ररावांना त्यांच्या कामातून सवड असेल तर त्यांनाही विचार.

दोघांनी प्रकृतीस जपावे, आणि चार ओळी वरचेवर लिहून म्हाताऱ्याला सोबत करावी.

तुझा,
आप्पा


निशी-कसाई, तोक्यो
१ ऑगस्ट २००४

ती. आप्पांस, कृ. सा. न. वि. वि.

तुमचे प्रश्न घेऊन मी पंधरा दिवस लोकांना भंडावलं. नरेंद्रच्या ऑफिसातले तानाबे-सान तर म्हणाले की तीस वर्षं इथे राहून हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

तर ऐका. आमचा वॉर्ड म्हणजे दोन नद्यांमधली एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अराकावा, आपल्या कृष्णेपेक्षा रुंद, पण इथे ती चक्क माणसांनी खोदलेली आहे, पुराचं पाणी वळवायला. पूर्वेला एदोगावा. दक्षिणेला समुद्र. उंची विचारलीत, तर सांगायला संकोच वाटतो. बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या खाली आहे. नुसते बांध आणि पंप यांच्या भरवशावर आम्ही सगळे झोपतो. हद्द म्हणाल तर तीही नदीच. एदोगावावरचा पूल ओलांडला की तोक्यो संपलं, पलीकडे चिबा प्रांत.

आणि आप्पा, रागावू नका, पण हे समशीतोष्ण वगैरे काही नाही. इथली पुस्तकं या हवेला दमट, उपोष्ण म्हणतात. हिवाळा कोरडा आणि लख्ख, तेव्हा फुनाबोरीच्या मनोऱ्यावरून फुजी दिसतो. जूनभर रिपरिप, सप्टेंबरात वादळं. पण मधले दोन महिने म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. गेल्या महिन्यात, आई आल्यावर तिसऱ्याच दिवशी, पारा एकोणचाळीसच्या वर गेला. स्वेटर कपाटात आहेत.

आई मजेत आहे. पहिल्या रविवारी तिला अराकावाच्या बांधावर फिरवून आणलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. त्यानंतर मात्र जमलं नाही. नरेंद्रच्या प्रोजेक्टची तारीख जवळ आली आहे, शनिवारीही तो ऑफिसात असतो. मलाही दुपारपर्यंतचं काम मिळालंय, नवं असल्यामुळे रजा मागता येत नाही. कामाकुराचा बुद्ध, हाकोनेचा डोंगर, सगळं ठरवून ठेवलंय. बघू. तोवर ती घरी आराम करते. तिला आरामाची सवय नाही, एवढंच.

तब्येतीची हेळसांड करू नका. रेखाकाकूंचा डबा वेळेवर येतो ना? तुमच्या पत्राची वाट पाहते.

तुमची,
सुचेता


निशी-कसाई
१६ ऑगस्ट २००४

ती. आप्पांस, कृ. सा. न. वि. वि.

आधी हे सांगते, की आई सुखरूप आहे. परवा श्यामकाकांच्या फोनवर मी सगळं ठीक असल्याचा निरोप दिला. तो पूर्ण खरा नव्हता. फोनवर त्यांच्या तोंडून तुमच्यापर्यंत हे जावं असं मला वाटलं नाही. माझ्या हातानंच लिहायला हवं.

आई दवाखान्यात आहे. गुरुवारी, बारा तारखेला, ती उन्हात चक्कर येऊन रस्त्यावर पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलंय. अंगातलं पाणी आणि क्षार फार उतरले होते. आता ती बोलते, जेवते, नर्सना मराठीत सूचना देते. दोन दिवसांत घरी सोडतील.

आता माझं ऐका. त्या दिवशी सकाळी आईनं कचऱ्याची पिशवी खाली नेऊन ठेवली. मला मदत म्हणून. पण तो दिवस त्या कचऱ्याचा नव्हता. इथे प्रत्येक कचऱ्याला वार ठरलेला असतो. इमारतीच्या व्यवस्थापकांनी वर येऊन नम्रपणे सांगितलं, मी दहा वेळा वाकून माफी मागितली. आणि दार लावल्यावर सगळा राग आईवर काढला. तिला म्हटलं की तुला इथलं काही कळत नाही, तर कशाला हात लावू नकोस, नुसती बसून राहा. तिनं माझा डबा भरून हातात दिला.

दुपारी दोनला मी आले तर दाराला कुलूप. तिच्या चपला नाहीत, खुंटीवरची जादा किल्ली नाही. मी कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत गेले. चौकीतला पोलीस बिचारा सायकल घेऊन माझ्याबरोबर निघाला. मी त्याला सांगितलं की ती अराकावाकडेच गेली असणार, कारण मी तिला तेवढंच एक ठिकाण दाखवलं होतं. आम्ही पश्चिमेचा बांध पुलापासून पुलापर्यंत पालथा घातला. मी पाण्याकडे बघायचं टाळत होते. नरेंद्र ऑफिसातून धावत आला.

आणि आई होती अगदी उलट दिशेला. पूर्वेचा पूल ओलांडून, चिबा प्रांतात. तिथे एका मासळीवाल्या आजींच्या दुकानासमोर पडली. आजींनी तिला सावलीत ओढलं, ओल्या टॉवेलांत गुंडाळलं आणि अँब्युलन्स बोलावली. आईजवळ कागद नव्हता, पत्ता नव्हता, फोन नंबर नव्हता. मी कधी लिहून दिलाच नाही. बाहेर जायचंच नाही तर पत्ता कशाला, असा माझा हिशेब. शुद्ध आल्यावर ती निशी-कसाई एवढंच म्हणत राहिली. तेव्हा तिथल्या दवाखान्यातल्या लोकांनी नदीच्या अलीकडच्या पोलिसांना फोन केला. साडेसहा वाजले होते. साडेचार तास मी चुकीच्या नदीवर आईला शोधत होते.

आप्पा, जपान पाहायला म्हणून मी तिला बोलावलं आणि आठव्या मजल्यावर कोंडून ठेवलं. वर ते शब्द. मी नोकरी सोडल्याचं आज कळवून टाकलं. तुम्ही मला काहीही लिहिलंत तरी ते कमीच असेल.

तुमची अपराधी,
सुचेता


कुरुंदवाड,
२७ ऑगस्ट २००४

चि. सौ. सुचेता हिस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. तीनदा वाचले. श्यामराव येऊन बसले होते, त्यांना घरी पाठवून दिले.

तू स्वतःला अपराधी म्हणवतेस ते थांबव. अपराध माझा आहे, आणि तो तुझ्या पत्रापेक्षा जुना आहे.

एप्रिलमध्ये तुझी आई मागच्या अंगणात कुरडया घालताना भोवळ येऊन पडली होती. जयप्रकाश डॉक्टरांनी तपासले. रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी सुरू केली. लघवी जास्त होणारी असते ती. उन्हाळ्यात आणि दमट हवेत जपा, पाणी भरपूर द्या, असे त्यांनी बजावले. जपानला जायचे निघाले तेव्हा त्यांनी मला विचारले की तिकडे हवा कशी असते. मी छाती पुढे काढून सांगितले की थंड देश आहे, समशीतोष्ण. त्यांनी माझ्या शब्दावर मान डोलावली. भूगोलाच्या मास्तरावर कोण अविश्वास दाखवणार?

इथे आषाढाची झड लागली होती, हवा गार होती. त्या गारव्यातून उचलून मी तिला त्या भट्टीत पाठवले. एखाद्या वर्तमानपत्रात तापमान पाहिले असते तरी कळले असते. पाहिले नाही, कारण मला ठाऊक आहे अशी खात्री होती.

आणि तुला मी हे कळवले नाही. तिने मला शब्द द्यायला लावला होता. सुचेताला कळले तर ती मला येऊ देणार नाही, असे ती म्हणाली. एवढी विनवणी तिने आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केलेली मला आठवत नाही. मी शब्द पाळला, आणि त्याची किंमत तिच्या मनगटाने दिली. तू रागावलीस ती काहीच ठाऊक नसताना. मला पूर्वसूचना होती.

काल डॉक्टरांकडे जाऊन हे सर्व कबूल केले. ते म्हणाले की आता ती बरी होत आहे तर जुने उगाळू नका. पण ते डॉक्टर आहेत, मी नवरा आहे.

तिला प्रवास झेपेल तेव्हा पहिल्या विमानाने परत पाठव. मुंबईला मी स्वतः जाईन. आणि नोकरी सोडण्याची घाई का केलीस?

तिच्याजवळ बस. तिला माझ्याविषयी काही विचारू नकोस, मी तोंड कसे दाखवणार तेच मला कळत नाही.

तुम्हा तिघांची काळजी वाहणारा,
आप्पा


निशी-कसाई
८ सप्टेंबर २००४

श्री. मास्तर यांस, सा. न. वि. वि.

मायना काय लिहावा हेच कळेना. चाळीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नाही. तुमच्याच पत्राखाली दोन ओळी लिहायची सवय, तेव्हा अक्षराला आणि चुकांना हसू नका. उजवा हात शाबूत आहे हे तुमचं नशीब.

तुमचं पत्र सुचेताला आलं. ती वाचताना रडायला लागली, म्हणून मी हातातून घेतलं. मग तिनं तुम्हाला काय लिहिलं होतं तेही वदवून घेतलं. दोन्ही ऐकून मला रागच आला. तुम्ही दोघांनी सगळा दोष आपसांत वाटून घेतलात. जणू मी एक गाठोडं. एकानं चुकीच्या गावी पाठवलं आणि दुसरीनं चुकीच्या जागी ठेवलं.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं. सुचेता शेजारी बसली आहे.

मी त्या दिवशी रागावून गेले नाही. मी आधीचे दहा दिवस रोज जात होते. सुचेता साडेआठला गेली की मी किल्ली घेऊन खाली उतरायची. पहिल्या दिवशी इमारतीला वळसा. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापर्यंत. मग रोज एक चौक पुढे. अक्षर वाचता येत नाही म्हणून खुणा ठेवल्या. दातांच्या डॉक्टरांकडचा मोठा दात, कपडे धुण्याच्या यंत्रांचं दुकान, निळ्या छपराची शाळा. बारापर्यंत घरी, आंघोळ करून पोळ्या लाटायला बसले की कुणाला पत्ता नाही. त्या दहा दिवसांत मला किती बरं वाटत होतं हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही. सांगितलं असतं तर बंद केलं असतं.

आदल्या दिवशी चहा पिताना नरेंद्र म्हणाले की पूर्वेच्या पुलापलीकडे दुसरा प्रांत लागतो. तेव्हाच मी ठरवलं. तुम्ही फळ्यावर हद्द काढायचात, एक रेघ, एक टिंब, एक रेघ, एक टिंब. मुलांच्या वह्या मी तपासून द्यायची, त्यातही तेच. म्हटलं, एकदा पायांनी ओलांडून बघू.

पूल लांब आहे. मध्ये नदीत एक छोटं बेट आहे, त्यावर कारखाना. खालून एक होडी गेली, होडीतल्या माणसानं वर पाहून हात केला. मीही केला. वारा होता म्हणून ऊन कळलं नाही. हद्द नेमकी कुठे लागली तेही कळलं नाही. पलीकडे गेल्यावर एका बाईंना बोटानं खाली दाखवून चिबा, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या. मला फार आनंद झाला. आणि मग पाच-सहा दुकानं पुढे गेले नाही तोच डोळ्यांसमोर अंधार.

कारण सांगते. गोळी घेतली होती, पण बाहेर अडचण होऊ नये म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. रोजच घेत नव्हते. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्या म्हणून तुमच्यासमोरच सांगितलं होतं. ते मला ऐकू येत होतं, मास्तर. माझे कान चांगले आहेत. तेव्हा हवामान चुकलं ते तुमचं, कचऱ्यावरून बोलली ती सुचेताची चूक, ती लागली मला, नाही म्हणत नाही. पण पडले ती माझ्या करणीनं.

मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. दवाखान्यात सुचेता दारातून आत आली तेव्हाचा तिचा चेहरा. तिचे कपडे गुडघ्यापर्यंत चिखलात होते. ती पाण्याच्या कडेनं मला शोधत होती, आणि मी पुलावर उभी राहून होडीला हात करत होते. मी एक चिठ्ठी ठेवली असती तर तिचे साडेचार तास वाचले असते. अजून ती दिवसातून दहादा येऊन मी श्वास घेते का ते बघते आणि कपाट उघडल्यासारखं करते. ही तिची अवस्था मी केली. त्याची माफी मी तिच्यापाशी मागितली, तुमच्यापाशी नाही मागत.

पहिल्या विमानानं मी येणार नाही. माझं तिकीट दहा ऑक्टोबरचं आहे, त्याच दिवशी येईन. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. सुचेताच्या साहेबांनी अजून दुसरं माणूस घेतलेलं नाही, सोमवारपासून ती कामावर जाईल असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. तुम्हीही तोंड कसं दाखवू वगैरे लिहू नका. दाखवावंच लागेल, मुंबईला येणार म्हणालात ना.

आणि एक लिहिते, मग पुरे. लग्न ठरवलं वडिलांनी, कुरुंदवाडला आणलं तुम्ही, इथे बोलावलं लेकीनं. कुठेही गेले ती कुणीतरी नेलं म्हणून. पुलापलीकडे मात्र मी आपल्या मनानं गेले. ते चुकलं असेल, पण ते चुकणं माझं आहे. तुम्ही दोघं ते माझ्याकडून काढून घेऊ नका.

जेवण टाळू नये. माझ्यावरची माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची,
लता