चिंगीची कातडी

मॅडम,

तुम्हाला एका कुत्रीबद्दल विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. परळच्या आपल्या जनावरांच्या इस्पितळात तुम्हाला ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि मी मात्र अजूनही एखादी केस अडली की 'मॅडमना विचारू' असं मनात म्हणते आणि मग भानावर येते. माझा दवाखाना लालबागला आहे, मसाला कांडून देणाऱ्या दुकानांच्या गल्लीत. उन्हाळ्यात मिरच्या कांडायला येतात तेव्हा माझे पेशंट आणि मी एकदमच शिंकतो. पण माझ्याकडे येतं ते बहुतेक कातडीचंच. खाज, पुटकुळ्या, गेलेले केस, कुबट वास. तुमच्या हाताखाली शिकले म्हणून की काय, तेच माझ्या वाट्याला आलंय.

कुत्री गावठी आहे, तांबूस रंगाची. नाव चिंगी. तिचे मालक एक काका आहेत, छापखान्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली. त्यांची जुनी चाळ पाडत होते तेव्हा ढिगाऱ्याजवळ हे पिल्लू त्यांना सापडलं. पुढे त्याच जागी टॉवर उभा राहिला, त्यात त्यांना घर मिळालं आणि चिंगी लिफ्टमधून वर राहायला गेली. तेव्हापासून तिच्या पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पुटकुळ्या येतात. पू भरतो, फुटतो, गोल खपली धरते, केस जातात. औषध दिलं की बरं वाटतं, थांबवलं की परत तेच. माझ्याकडे येण्याआधी तिने आणखी दोघा-तिघांची अँटिबायोटिकं पचवली होती. मी पू काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट तुम्ही पाहायला हवा होतात. जंतू नेहमीचेच, कुत्र्याच्या कातडीवर एरवीही गुपचूप राहणारे, पण ज्या गोळ्यांवर आपण डोळे मिटून विसंबायचो त्यातल्या बहुतेक त्यांना लागूच पडत नाहीत. तुमच्या काळात असा रिपोर्ट आपण लॅबची चूक समजून परत पाठवला असता. आता असे सारखे येतात. मी गोळ्या बंद केल्या आणि जंतुनाशक शॅम्पूने अंघोळी सुरू केल्या. फेस अंगावर थोडा वेळ ठेवायचा, चाटू द्यायचा नाही, मग धुऊन नीट कोरडं करायचं. काका सगळं मनापासून करत. "डॉक्टर, ही आता माझ्यापेक्षा जास्त अंघोळी करते," असं हसून म्हणत. पुटकुळ्या कमी झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत. आणि मग काकांच्या मुला-सुनेला बाळ झालं.

बाळाकडे यायच्या आधी मला तुमच्याबद्दल बोलायचं आहे, कारण माझा सगळा गोंधळ तिथेच आहे. मी ओपीडीत नवी होते तेव्हा तुम्ही माझ्यापुढे एक कुत्रा उभा केलात. त्याच्या पाठीवर गोल चट्टे होते. मी धिटाईने म्हटलं, "रिंगवर्म." तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसलात. "गोल दिसलं की बुरशी? मग भाकरीलाही बुरशीच म्हण. कडेला बघ गं, सालपट कसं सुटलंय. इथे फोड होता, तो फुटून पसरलाय. काच दाब त्याच्यावर आणि बघ जाऊन." मी स्लाइड केली, रंगवली, मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर जांभळे ठिपके, द्राक्षांच्या घोसासारखे चिकटलेले. मी परत आले तेव्हा तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "हे झालं वरचं. आता ते जंतू मुळात माजले कशाने, ते शोध. पिसवा, खरूज, ॲलर्जी, थायरॉइड, काहीही असेल. तेवढं कळेपर्यंत मालकाला छातीठोकपणे काहीही सांगायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं." मी ते धरून ठेवलं. गेली कित्येक वर्षं मी मालकांना 'माहीत नाही' म्हणत आलेय आणि त्यातले काहीजण त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, तरी म्हणत आलेय.

मग ती मे महिन्यातली दुपार. तुम्ही रजेवर होतात आणि स्लाइड घरी आणून दाखव असा निरोप दिला होतात. मी खोताच्या वाडीत पहिल्यांदाच आले. चाळीत वाढलेल्या मला ती लाकडी जिन्यांची, रंगवलेल्या कठड्यांची घरं कुणीतरी खेळायला मांडून ठेवल्यासारखी वाटली. मी बाहेरच्या खोलीत बसेन अशा बेताने आले होते, पण तुम्ही आतून हाक मारलीत, "आत ये, माझे हात अडकलेत." स्वयंपाकघरात तुम्ही जमिनीवर बसला आहात, पुढ्यात मोड आलेल्या वालांचं पातेलं, आणि दाराशी तुमचा म्हातारा कुत्रा ओल्या अंगाने झोपलाय. त्याच्या पाठीवर तेच चट्टे. तुम्ही मला शेजारी बसवता आणि मूठभर वाल माझ्या पुढ्यात टाकता. "सोल. नख लावू नकोस, चिमटीत दाब, आपोआप सुटतात." घरी असल्यामुळे तुमच्या बाह्या वर आहेत. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, तीन-चार लाल गोल डाग. कडेला सालपट सुटलेलं. मी बघत राहिले. तुम्ही माझी नजर पाहिलीत, ओल्याच हाताने बाही खाली ओढलीत आणि म्हणालात, "स्लाइड काढ. का वालच बघायला आलीस?"

रजा संपवून तुम्ही आलात त्या आठवड्यात भोईवाड्यातली एक बाई कडेवर पोर आणि दोरीला कुत्रा घेऊन आली. कुत्र्याची मान सगळी पुवाने चिकटलेली. मी त्याचं तोंड धरून उभी होते. बाईने विचारलं, "बाई, पोराला लागंल काय हे?" तुम्ही मान वरही न करता म्हणालात, "नाही. माणसाला होत नाही. घरी न्या. आणि कुठे सोडून-बिडून येऊ नका, काय? मी सांगतेय ना." एवढ्या उकाड्यात तुम्ही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होतात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पुढचा पेशंट घे."

मॅडम, ते काय होतं? कुत्र्याचंच तुम्हाला लागलं होतं आणि त्या बाईने कुत्रा रस्त्यावर सोडू नये म्हणून तुम्ही खोटं बोललात? की ते वेगळंच काही होतं, कुत्र्यांना अंघोळ घालायच्या तीव्र औषधांच्या पाण्यात हात घालून घालून आलेलं, आणि तुम्हाला पक्कं ठाऊक होतं म्हणून तुम्ही तसं सांगितलंत? की तुम्हालाही माहीत नव्हतं? पण मग मला जे शिकवलंत त्याचं काय? मी तेव्हा विचारलं नाही. पुढे मी नोकरीला बाहेरगावी गेले आणि तिकडेच तुम्ही गेल्याचं कळलं.

तर आता बाळ. काकांची सून एक दिवस एकटीच दवाखान्यात आली. शिकलेली मुलगी आहे, बँकेत नोकरी करते, उगाच घाबरणारी वाटत नाही. म्हणाली, "डॉक्टर, बाळाच्या मांडीवर पुवाची पुळी आलीय. आमचे डॉक्टर म्हणतात, लहान मुलांना होतात, मलम लावा. पण चिंगीचा रिपोर्ट मी वाचलाय. नेटवरपण वाचलंय. चिंगीचं बाळाला लागू शकतं का? मला फक्त हो किंवा नाही सांगा." तुमचं 'माणसाला होत नाही' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी माझं, म्हणजे तुम्हीच शिकवलेलं, बोलले. "कुत्र्याचे हे जंतू माणसाला त्रास देण्याची शक्यता फार कमी असते. पण अजिबातच नाही, असं मी म्हणू शकत नाही. बाळाची पुळी कशाने आली, हे तपासल्याशिवाय मला माहीत नाही. हात धुवा, चिंगीला बाळाच्या अंथरुणावर घेऊ नका, अंघोळी चालू ठेवा. एवढं पुरे आहे." तिने मान हलवली. मी एवढं बोलले, पण घरी जाईपर्यंत तिच्या कानात 'अजिबातच नाही, असं म्हणू शकत नाही' एवढंच राहिलं असावं.

त्या घरात पुढे काय झालं ते मला काकांनी नंतर सांगितलं. भांडण असं झालंच नाही. सून म्हणाली, "बाबा, बाळ थोडं मोठं होईपर्यंत चिंगीला कुठेतरी ठेवूया." मुलगा मोबाइलमध्ये बघत बसला. काका बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीत दोन शर्ट आणि चिंगीचा शॅम्पू भरला आणि टॅक्सीने अँटॉप हिलला बहिणीकडे गेले. तिच्या मुलीला सरकारी नोकरी आहे, तिला मिळालेल्या क्वार्टरमध्ये मायलेकी राहतात. सगळ्यांना वाटलं, सोडून येतील संध्याकाळी. ते आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "तिला इथे करमायचं नाही एकटीला."

सून परत माझ्याकडे आली तेव्हा रडत होती. "मी कुत्रीला बाहेर ठेवा म्हटलं होतं, डॉक्टर. बाबांना नव्हतं म्हटलं." मी तिला पाणी दिलं. आणि ती जाताना म्हणाली, "बाळाला परवा परत एक पुळी आली. आता तर चिंगी घरात नाहीये."

मग मी अँटॉप हिलला गेले. चिंगी माझ्या अंगावर उडी मारून आली. मी तिला उताणी केली आणि बघतच राहिले. पोट स्वच्छ. केस यायला लागलेले. ना पुटकुळी, ना खपली. काका अभिमानाने म्हणाले, "बघा! इथे आल्यापासून खाजवत पण नाही." अंघोळी त्याच, शॅम्पू तोच, खाणंही तेच. म्हणजे वरच्या त्या नव्या घरात काहीतरी होतं, जे इथे नाही. तिथल्या चकचकीत लाद्या रोज फिनेलने पुसतात, इथे साध्या पाण्याने. तिथे जाड गालिचा आहे, इथे नाही. तिथे खिडक्या बंद करून एसी, इथे दिवसभर वारा. यातलं नेमकं काय, की आणखीच काही, मला माहीत नाही. काकांनी विचारलं, "मग परत नेऊ घरी?" आता त्यांनाही मी तेच म्हणायचं? मी म्हटलं, "फिनेल बंद करा, गालिचा काढा आणि न्या. पण परत नाही होणार, असं नाही सांगत." ते हसले. "तुम्ही कधी काही सांगताच कुठे?" म्हणाले. रागाने नाही म्हणाले, पण मला ते लागलं.

गेल्या महिन्यात सून आणि मुलगा बाळाला घेऊन त्यांना आणायला गेले. मलाही चला म्हणाले, मी गेले. काकांनी आढेवेढे घेतले, बहिणीने सगळ्यांना चहा केला. आम्ही बोलत असतानाच चिंगी आली आणि सतरंजीवर झोपलेल्या बाळाचा पाय तिने चाटला. काका, मुलगा, बहीण, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. तुमचं वाक्यही सुचेना, माझंही. तेवढ्यात सून उठली, आत जाऊन ओलं फडकं घेऊन आली, बाळाचा पाय पुसला, चिंगीला मांडीशी ओढून बसवलं आणि म्हणाली, "बाबा, पिशवी भरा. रविवारची अंघोळ मी घालेन तिला. हातमोजे आणलेत मी." काका आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

ते सगळे आता घरी आहेत. गालिचा गेला, फिनेल गेलं. परवा मी पाहिलं तर चिंगीच्या पोटावर दोन बारीक पुटकुळ्या होत्या. सुनेने त्या माझ्याआधीच पाहिल्या होत्या. तिने मला काही विचारलं नाही, शॅम्पू मात्र जास्तीचा मागवून ठेवला आहे. मला अजून कळत नाही की मी तिला त्या दिवशी नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर हे सगळं टळलं असतं की आणखी बिघडलं असतं. मला वाटलं होतं, तुम्हाला लिहिता लिहिता सुचेल. तसं काही झालं नाही. पाठवायचा तर प्रश्नच नाही, हे मी फाडूनही टाकेन बहुतेक.

एक मात्र तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. चिंगीचं पोट मी मोबाइलवर फोटो मागवूनही बघू शकते. तरी दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाते, तपासून होतं लगेच, आणि मग मी तिथेच जेवायला थांबते.