भोंग्यावरचा भाव

२४ एप्रिल
लाखभर माणसं रोज सकाळी उघडून बघतात ते ॲप तोट्यात कसं? बीएस्सी झाले, घरातली पहिलीच, पण याचं उत्तर मला येत नाही. पुण्याहून हरीश सरांचा फोन होता. कंपनी त्यांची, हिंगोली जिल्ह्याचं काम माझं. म्हणाले, "कोमल, वापरणारे भरपूर, पैसे देणारा एक नाही." जणू मीच मधल्यामध्ये खिशात घातले.
हळदीचा भाव शेतकऱ्याला घरबसल्या कळावा म्हणून मी गावोगाव फिरले. फुकट आहे, असं सांगूनच तर दिलं. आता पैसे मागायचे कोणत्या तोंडाने?

७ मे
मागितले. बाबा हसले. "भाव काय बाटलीतलं पानी व्हय, इकत घ्याया?" तरी लेकीची कंपनी म्हणून स्वतः भरले. आणि सकाळी आरती झाल्यावर मारुतीच्या भोंग्यावरून अख्ख्या गावाला भाव वाचून दाखवला! आता कनेरगाव नाक्यापर्यंतच्या गावांत हीच रीत पडली आहे. एक भरतो, गाव ऐकतं.
राग यायला हवा होता. नाही आला.

८ मे
चुकले. मीटिंगमध्ये भोंग्याचं कौतुकाने सांगितलं. वाटलं, खूश होतील — केवढा विश्वास आहे लोकांचा! सर म्हणाले, "ही गळती आहे. बंद करायला सांग."
कुणाला सांगू? मारुतीला?

१५ मे
भावाच्या आधी शाम्पूची जाहिरात सुरू केली. गावातल्या नीलामावशी म्हणाल्या, "तुझं ॲप आधी डोस्कं धून राहिलं, मंग भाव सांगून राहिलं." जाहिरातीतूनही काही आलं नाही म्हणे.

२३ मे
सरांचं नवीन: "पैसे शेतकऱ्याकडून येणार नाहीत. शेतकऱ्याच्या माहितीतून येतील." कसली माहिती, विचारलं. म्हणाले, ते आम्ही बघतो.

२९ मे
आता कळलं, कसली.
शेजारच्या धुरपताकाकू आल्या. नवरा नाही, रान स्वतः कसतात. घरात किती पोती हळद आहे ते भरा, कधी विकायची ते ॲप सांगेल, असं मीच त्यांना समजावलं होतं. काल एका व्यापाऱ्याचा माणूस आला आणि ओसरीवर, दिरासमोर, म्हणाला, "मावशी, अकरा पोते हायेत न मागच्या खोलीत?" लेकीच्या, ज्योतीच्या, नर्सिंगच्या प्रवेशासाठी झाकून ठेवलेली हळद! दीर आता वाटा मागतो आहे.
"दिराला न्हाई, भावाला न्हाई, तुला सांगितलं व्हतं," काकू म्हणाल्या. "काहून? तर शिकलेली हायेस म्हनून."
सरांना फोन लावला. "अटी वाचून त्यांनीच मान्य केलंय ना?" अटी इंग्रजीत. मान्य करणारं बोट माझं.
मोंढ्यात व्यापारी पोत्यात सळी खुपसून आतला माल बाहेर काढून बघतात. कंपनीची ती सळी मी झाले. पैसे कमावता आले नाहीत तर दुकान बंद करावं माणसाने. ज्यांनी विश्वासाने घरात घेतलं त्यांचीच घरं दाखवत फिरायचं?

३० मे
सरांना माहिती परत घ्यायला सांगितलं. "भावनिक होऊ नकोस."

१ जून
बाबांनी काकूंची हळद हिंगोलीच्या मोंढ्यात नेऊन विकून दिली. ज्योतीचा प्रवेश झाला. दीर आमच्याशी बोलत नाही.
पण बाकीच्या घरांचं काय?

२ जून
पहाटेच राजीनामा पाठवला. आरती झाल्यावर बाबांच्या हातून माइक घेतला. आधी भाव वाचला. मग काय झालं ते सगळं सांगितलं, माझ्या बोटासकट, आणि म्हटलं, ॲपमध्ये पोत्यांच्या जागी शून्य भरा. आजूबाजूच्या गावांत भाव वाचणाऱ्यांना कालच फोन केले होते. त्यांनीही तेच वाचलं.
आत्ता ॲपमध्ये बघितलं, माझं लॉगिन अजून बंद केलेलं नाही. आमच्यापासून कनेरगाव नाक्यापर्यंत कुणाच्याच घरात हळद नाही.