लाल पट्ट्या

प्रिय अक्का,

"या वयात पाठीला पिशवी लावून एकटीने बेटं कसली हिंडतेस?" असं तू म्हणालीस, तेव्हा मी हसले होते. आज तुझी बोलणी आनंदाने खाईन.

सकाळी होडीवाल्याने मला या बेटावर उतरवलं. "मावशी, रानात लाल पट्ट्या बांधल्यात. त्या धरून धबधब्यापर्यंत जा. पाणी चढायच्या आत या हं, उद्यापासून वादळ आहे, मला थांबता येणार नाही."

"आणि नाही आले तर?"

"मग माकडांची शाळा काढा!"

पट्ट्या प्लास्टिकच्या होत्या. कॉन्व्हेंटच्या मैदानावर कागदाचा कपटा दिसला, तरी मदर खेळ बंद करायच्या, आठवतं? आपण दोघी वाकून वाकून सगळं वेचायचो. तसंच झालं. पुढची पट्टी दिसली की मागची सोडवून खिशात घालायची, असं माझे हात आपोआप करत गेले. रान स्वच्छ झालं म्हणून बरंही वाटलं. धबधब्यापाशी पोहोचून मागे वळले, तेव्हा कळलं.

सगळी झाडं एकसारखी आहेत. मघापासून पक्षीही गप्प आहेत. आत्ताच होडीचं इंजिन सुरू झालं. मी हाका मारल्या, पण इंजिनाचा आवाज चहूबाजूंनी येत होता. आता तो बारीक होतोय.

सगळ्या पट्ट्या मी एकाच झाडाला बांधल्यात आणि त्याखाली बसले आहे. कोणी आलंच, तर दिसेन. हे पत्र तुला कसं मिळणार, कोण जाणे. जागा मात्र स्वच्छ ठेवली आहे, अक्का.

तुझी,
धाकटी