परशूच्या खानावळीचा कौल

रामनगर,
भाद्रपद वद्य तृतीया, शके १९११

राजमान्य राजेश्री व्याही बाबुरावजी यांच्या चरणी रामनगरहून वासुदेवशास्त्री याचा साष्टांग नमस्कार.

आपल्या छत्राखाली चि. सौ. शांती सुखाने नांदत आहे हे तिच्या पत्रावरून कळते आणि या वधूपित्याचे आयुष्य वाढते (ते वाढलेले आयुष्य गुडघ्यांना मान्य नाही, हा भाग वेगळा). आपला दमा आणि विहीणबाई अनुसयाबाईंची कंबर यांचे वर्तमान सविस्तर कळवावे. खानापुरास पाऊस उघडला असेल. येथे तो अद्याप जाण्याचे नाव घेत नाही. दिग्गीच्या वाटेवर जळवा आहेत, पोथ्यांच्या पानांवर बुरशी आहे आणि माझ्या सोवळ्याला वाळल्याचे भाग्य गेल्या पंधरवड्यात लाभलेले नाही. देह बरा आहे. मनाचे बरे नाही, आणि ते का नाही हे लिहिण्यासाठीच बसलो आहे.

मागे आपण आला होतात तेव्हा गोव्याच्या रस्त्यावर परशूची खानावळ आपण पाहिली होती. पाहिली म्हणजे काय, तिची खिडकी पाहिली होती, कारण त्या खानावळीत बसायला बाकडे नाही. ट्रकवाल्यांनी खिडकीशी यावे, केळीच्या पानात बांधलेले भात-आमटीचे पार्सल घ्यावे आणि पुढे जावे, असा तो व्यवहार. परशू आणि त्याची बायको पुतळी ही दोघे दिग्गीची. खिडकीशी परशू असतो, चुलीशी पुतळी. आमची ही गेल्यापासून माझे दोन्ही वेळचे जेवण पुतळीच्याच हातचे आहे, हे मी आपल्याला पूर्वी लिहिले नव्हते. वेगळी चूल, वेगळे भांडे, कांदा-लसूण नाही, एकादशीला वरईचे तांदूळ, आणि पार्सल ओळखू यावे म्हणून ते केळीच्या सोपटाने बांधलेले, इतरांना सुतळी. (एकदाच चुकून माझे पार्सल कारवारच्या एका ड्रायव्हरकडे गेले. तो लोंढ्याहून परत आला आणि आपण कोणते पाप केले म्हणून हे जेवण मिळाले, असे परशूला विचारू लागला. त्याचे पार्सल माझ्याकडे आले होते. मी ते उघडले आणि लगेच झाकले. लगेच, हा शब्द मी विचारपूर्वक लिहीत आहे.)

तर या परशूने मंडल पंचायतीकडे अर्ज केला की खानावळीला दारूचा परवाना मिळावा आणि अबकारी खात्याकडे धाडायला पंचायतीने ना-हरकत द्यावी. कारण असे की पलीकडच्या वळणावर अशी सोय असलेले दुसरे दुकान झाले आहे. ट्रकवाले तेथे बाटली घेतात आणि जेवणही तेथलेच बांधून घेतात. परशूच्या खिडकीशी आता म्हशी तेवढ्या थांबतात. पुतळीनेच मला सांगितले, "बुवा, मला बी दारूचा वास सोसत न्हाई. पण चूल पेटवून कुणाची वाट बघायची? ह्यो परवाना न्हाई मिळाला तर दुकान चालायचं न्हाई." मी तिला धर्म सांगितला. तिने ऐकून घेतला आणि माझे पार्सल माझ्या हातात दिले.

पंचायतीची सभा देवीच्या सभामंडपात भरली (पंचायतीच्या कचेरीला गळती आहे). सभासद निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे. अध्यक्ष येसाजीने मला बोलायला सांगितले. व्याहीबुवा, मी बोललो, आणि चांगले बोललो. मद्याने यादवांचे अख्खे कुळ समुद्रकिनारी कसे नष्ट झाले हे मी असे उभे केले की स्वतः माझ्या डोळ्यांत पाणी आले. येसाजी म्हणाला, "शास्त्रीबुवा, त्यास्नी परवाना हुता का?" लोक हसले. मग परशू उठला. तो म्हणाला, "आमच्या राखणदेवाला दरसाल सगळा गाव दारू वततो. पयली धार अध्यक्षच सोडतात. देवाला चालती, ड्रायवरला चालत न्हाई, ह्ये कसं?" अधिकारभेद म्हणजे काय हे मी त्याला विस्ताराने सांगितले. विस्तार इतका झाला की नंदिगड्ड्याचा सभासद खांबाला टेकून घोरू लागला आणि त्याचे मत कोणत्या बाजूचे धरावे याचा नवा वाद निर्माण झाला. शेवटी येसाजी म्हणाला, देवी समोर आहे, तिलाच विचारू.

कौलाची रीत आपल्याला सांगायला नको, तरी सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. झिलू गुरवाने पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणे घातले. सगळे हात जोडून बसले. आणि काहीही पडले नाही. हवा इतकी दमट की पाकळ्या दगडाला दगड होऊन बसल्या. गुरव म्हणाला, "आय इचार करती हाय." देवीने बराच विचार केला. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी होतो, शास्त्रार्थाचा मानकरी म्हणून. बसून बसून डोके जड झाले आणि हात सवयीने कनवटीच्या डबीकडे गेला. (तपकीर हे व्यसन नव्हे, औषध आहे, असे माझे मत आपण जाणताच, त्या दिवशी मी मद्यावर बोललो ते याच मताच्या आधारावर.)

मला शिंक आली. लहान नव्हे. समई विझली, गुरवाचा फेटा हलला, आणि देवीच्या डाव्या खांद्यावरची पाकळी खाली पडली.

मग परशू हळूच म्हणाला, "ह्यो देवीचा नकार न्हवं, शास्त्रीबुवांच्या नाकाचा हाय." कोणी हसले नाही. येसाजी माझ्याकडे वळला. "तुमीच सांगा. कौल धरायचा का फिरून लावायचा?" खांबाशी पुतळी उभी होती, पदर हातात धरून. ती माझ्याकडे पाहत नव्हती, खाली पडलेल्या पाकळीकडे पाहत होती. 'फिरून लावा' हे दोनच शब्द होते, व्याहीबुवा. कौलात माणसाची शिंक आली तर तो कौल बाद, हे आपल्या दोघांच्या गुरूंनी आपल्याला एकाच ओसरीवर शिकवले होते. पण नुकताच यादवांवर हशा झालेला होता, आणि तो माझ्या जिव्हारी बसला होता. मी म्हणालो, वारा असो, पाल असो वा शिंक असो, निमित्त होते ते देवीच्याच आज्ञेने. येसाजीने मान डोलावली. अर्ज फेटाळला गेला.

त्या संध्याकाळी पार्सल येणार नाही असे मी धरून चाललो होतो. ते आले. सोपटाने बांधलेले, वर लिंबाची फोड. पुतळी म्हणाली, "देवीनं सांगितलं तर सांगितलं, बुवा. दसरा झाला की आमी दिग्गीला शेतावर जाणार. तुमच्या जेवणाचं बाजारकुणंगच्या फुलाला इचारते. तिला कांद्याबिगर जमतंय का बघाया पायजे." ती मला एक शब्द वावगा बोलली असती तर घास गिळणे सोपे गेले असते. आमटी नेहमीसारखीच झाली होती.

तेव्हापासून मी स्वतः स्वयंपाकाचा अभ्यास चालवला आहे. अन्न हे पूर्णब्रह्म असे मी आयुष्यभर सांगत आलो. ते खाली करपते आणि वर कच्चे राहते, हा त्याचा भाग आता कळला. मद्याविषयीचे माझे मत बदललेले नाही. परंतु ते मत माझे होते आणि मी ते देवीच्या तोंडी घातले, ही रुखरुख जपाला बसू देत नाही. आता आपणहून मागे फिरावे, तर आजवर दिलेला प्रत्येक निर्णय गाव उकरून काढील, आणि येसाजीच्या लग्नाचा मुहूर्तही मीच दिलेला आहे (त्याची बायको तेवढ्याच संधीची वाट पाहत आहे).

असो. लहानांस आशीर्वाद, विहीणबाईंस नमस्कार. आपल्या ऋणात सदैव असलेला,

वासुदेवशास्त्री

ता. क. – नवरात्रात आपण इकडे यावे, ही प्रार्थना. भर मंडपात, सर्वांसमक्ष, शिंकेचा कौल कोणत्या मूर्खाने धरला असे आपण विचारावे. मी उठून वाद घालीन. कडाडून घालीन; आपण खचू नये. शेवटी मला हरवावे आणि कौल पुन्हा लावायला सांगावे. मुलीच्या बापाने वरपित्यापुढे मान खाली घातली तर गावाला त्यात नवल वाटत नाही, आणि माझ्या शास्त्राला डागही लागत नाही. त्यानंतरही देवी खरोखरच नको म्हणाली, तर मी करपलेला भात मुकाट्याने खाईन. पण तिला विचारले तरी जाऊ दे.

ता. क. दुसरा – एस. टी. तून उतरल्यावर आधी खिडकीशी जाऊन आपले जेवण सांगून यावे. माझे सांगू नये. ते तिने बांधलेले असते.

ता. क. तिसरा – माझी डबी संपत आली आहे, तरी येताना बेळगावची तपकीर आणावी. मात्र कौल लागेपर्यंत ती आपल्याच खिशात ठेवावी, आणि उंबऱ्याशी बसून मी कितीही केविलवाणे पाहिले तरी देऊ नये.