सर्वांत कमी दराची कॉफी

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
डॉक्टरने आमच्या हिची कॉफी दिवसाला एका कपावर आणली. हिचं म्हणणं, एकच मिळणार असेल तर तो कप चांगला हवा. मान्य. सकाळी बाल्कनीत दोघं बसून कॉफी घेतो, तेवढा अर्धा तास ही माझ्याशी भांडत नाही. तो अर्धा तास टिकलाच पाहिजे.

चौकात नवीन कॉफीचं दुकान झालंय. मालक दाढीवाला. पाव किलो बियांचा भाव ऐकून डोकं फिरलं. दिवसाढवळ्या दरोडा! मी ऑफिसात खरेदी विभाग सांभाळतो. स्टेपलरच्या पिनासुद्धा तीन कोटेशनशिवाय येऊ देत नाही. आणि हा मला गंडवणार?

५ मार्च, गुरुवार
दाढीवाल्याकडे लेखी कोटेशन मागितलं, सही-शिक्क्यासह. शिक्का नाही म्हणे. वर दात काढले. म्हणाला, आधी एक कप पिऊन बघा, पैसे नकोत. उघड उघड लाच! एकवीस वर्षांत व्हेंडरचा पेलाभर चहा मी घेतलेला नाही. तसं ठणकावलं. ही सोबत होती. हिने तो कप घेतला. शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

घरी येईपर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालली. लाज वाटली असणार.

९ मार्च
दुसरं कोटेशन सुपरमार्केटचं. काउंटरवरची बाई म्हणाली, भाव पाकिटावर छापलाय, वाचता येत नाही का. त्या बाईची तक्रार करणार.

तिसरं फोनवर, एका गोडाऊनवाल्याचं. दाढीवाल्याच्या पाव पट भाव! दहा किलोचं पोतं उचलायची अट. माल वर्षभर पडून आहे, हे त्याने स्वतःच कबूल केलं. मी तिथेच कोंडीत पकडला आणि दर आणखी पाडला. तांदूळ जुना झाला की भाव खातो, मग कॉफीनेच काय घोडं मारलंय?

ऑर्डर दिली. दाढीवाल्या, आता बस बोंबलत.

१४ मार्च, शनिवार
पोतं आलं, हिरव्या पट्ट्याचं. पलंगाखाली ढकललं. हिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. पुठ्ठ्यासारखी लागते म्हणाली. मी विचारलं, पुठ्ठा कधी खाल्ला होतास? ही उठून आत गेली. मुद्दा संपला की माणसं उठून जातात.

१६ मार्च
दोष दुधाचा आहे. दूधवाला बदलला. जाताना तो काहीतरी पुटपुटला. नालायक.

१८ मार्च
दोष पाण्याचा आहे.

२१ मार्च
दोष मिक्सरचा होता! कॉफीच्या बिया मिक्सरमध्ये दळतात का कधी? चांगला ग्राइंडर आणला. पोत्याच्या दुपटीहून महाग पडला. पण तो यात धरायचा नाही, तो भांडवली खर्च. मेहुणा फोनवर खो खो हसला. हिचा भाऊ. त्या घराण्यात हिशेब कोणालाच कळत नाही.

हिने आज घोटसुद्धा घेतला नाही.

२४ मार्च
ही हल्ली सकाळी चालायला जाते. सात ते पावणेआठ. डॉक्टरने सांगितलंय म्हणे. या डॉक्टरला दुसरं काम नाही. परत येते ती गुणगुणत. मी बाल्कनीत एकटा. बरंच आहे, कटकट नाही. दोन्ही कप मलाच संपवावे लागतात. छातीत जळजळतं. ऑफिसातल्या कॅन्टीनचं तेल बदलायला लावलं पाहिजे.

ऑफिसात अर्धा किलो कॉफी फुकट ठेवली होती. चार दिवसांनी बघतो तर अर्धा किलोच. वर कोणीतरी केळ्याची साल टाकलेली. कृतघ्न लेकाचे.

२८ मार्च, शनिवार. सकाळी ८.२०
आज मागोमाग गेलो. ही चौकापर्यंत चालली आणि दाढीवाल्याच्या दुकानात शिरली. खिडकीजवळ बसली. न सांगता कप आला. म्हणजे रोजचंच.

आत घुसलो. आवाज चढवला. दाढीवाल्याला लुटारू म्हणालो, हिला फितूर. चार गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. ही शांतपणे म्हणाली, डॉक्टरने मला दिवसाला एकच कप दिलाय, तो मी पुठ्ठ्याचा का पिऊ?

मग मी ठेवणीतला मुद्दा काढला. गोडाऊनवाल्याचा भाव सांगितला. पोत्यावरचा हिरवा पट्टाही सांगितला. दाढीवाला म्हणाला, हिरवा पट्टा? ते पोतं माझंच. आधीच्या दुकानात वर्षभर पडून शिळं झालं होतं. गोडाऊनवाल्याला झाडांना घालायला खत हवं होतं, म्हणून गेल्या महिन्यात त्याला फुकट दिलं.

त्याने आज दात काढले नाहीत. त्याचाच जास्त संताप आला.

२९ मार्च
ही आजही सातला गेली, पावणेआठला परत आली. भांडलीसुद्धा नाही.

३० मार्च, सोमवार. सकाळी ८.४०, ऑफिसात
ऑफिसच्या वाटेवर चौक लागतो, म्हणून डोकावलो. दुसरं काही कारण नाही. ही खिडकीजवळ होती. समोरची खुर्ची मोकळी, फक्त तिच्यावर हिची पर्स. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, मीही एक कप घेईन म्हणतो, पैसे देऊन. ही म्हणाली, घे की, काउंटरवर मिळतो.

पर्स उचलली नाही.