दोनदा वाचलेला कागद

गुरुवार, १८ जानेवारी
सकाळ

चिमणे,

आजीचे भरभरून आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा. माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतंय कोण? तू म्हणालीस, "यातलं काही फोनवर बोलू नकोस," म्हणून पत्र. आणि माझं पत्र म्हणजे दोघींचं पत्र. मी बोलणार आणि समोरच्या खोलीतली आपली 'स्वल्पविराम' बाई लिहिणार. तिने जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, तिथे मोठ्याने वाचताना चिन्हंसुद्धा वाचायची, ती खोड अजून गेली नाही. रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवते, "मंत्री म्हणाले स्वल्पविराम लवकरच चौकशी होईल पूर्णविराम." मी म्हणते, चौकशीपुढे पूर्णविरामच असतो, तो आणखी वाचायचा कशाला? आत्ता हसते आहे. हसू नकोस, लिही.

पण गेले काही दिवस पेपर दार लावून वाचतो, हळू आवाजात. रेडिओ मी उशाशी घेऊन ऐकते, जशी काही चोरीच करते आहे. बातम्याच गं! पण जिन्यावर बूट वाजले की माझा हात बटणावर. खाली मोटारसायकल थांबली की आम्ही दोघी गप्प. ती निघून गेली की एकमेकींकडे बघून उगाच हसतो.

का, ते तुला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. नीट सांगते. ज्या दवाखान्याच्या धुलाईत मी एकतीस वर्षं काढली, जिथे तू जन्मलीस, तो बंद करून जागा कुणाला तरी द्यायची ठरली. बातमी चौथ्या पानावर, खाली कोपऱ्यात. मीच पकडली. मी हिला सांगूनच ठेवलंय, पहिलं पान शेवटी वाच. आपल्या मुळावर येणारं सगळं आतल्या पानांत लपलेलं असतं. मग हरकतीचा अर्ज झाला. मजकूर हिने लिहिला, पण अर्जावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. दोनशे बारा लोकांनी सह्या केल्या, आणि एक माझा अंगठा.

माझा नियम तुला माहीत आहे. दोन तोंडांनी वाचून घेतल्याशिवाय कागदाला अंगठा नाही. तुझ्या चुलत आजोबांनी एकदा मला वाचून न दाखवता अंगठा लावून घेतला आणि मागची खोली गेली, तेव्हापासूनचा हा नियम. अर्ज आधी हिने वाचला, मग खालच्या शिंप्याने. शब्दाला शब्द जुळला, तेव्हाच मी शाईत बोट घातलं.

सुनावणीला तो मोठ्याने वाचला गेला. एका वाक्याला टाळ्या पडल्या. "रात्री कुणाच्या पोटात दुखलं तर त्याने कुठे जायचं, तेवढं आम्हाला कागदावर लिहून द्या." बरं आहे की नाही? साहेबलोकांना नाही आवडलं. अर्जात चिथावणी आहे म्हणे, लोकांना फसवून सह्या घेतल्या म्हणे. दोन माणसं यादी घेऊन घरोघर फिरायला लागली. "ही सही तुमची का?"

मग काय विचारतेस! शिंप्याने तिथल्या तिथे दुसरीच सही करून दाखवली. हेडमास्तर म्हणाले, "इतकी गचाळ सही मी करीन?" एका घरात बायको म्हणाली नवऱ्याने केली असेल, नवरा म्हणाला बायकोने. हसून घे, पण कुणाला नावं ठेवू नकोस. लेकराबाळांची माणसं आहेत. दोनशे बारातले नऊ उरलेत. सही नाकारता येते गं. अंगठा कसा नाकारायचा? तो हातालाच चिकटलेला!

तेव्हा तू युक्ती सांगितलीस. "आजी, सरळ सांग, मला वाचता येत नाही, मला काही कळत नाही, मला फसवलं. म्हातारीला कोण काय करणार?" तुझी नोकरी कायम व्हायला चार महिने राहिलेत. तुला कुणीतरी काहीतरी विचारलं असणार, आवाज केवढा बारीक झाला होता. तुला कडेवर घेऊन मी मतदानाच्या रांगेत पहिली उभी राहायचे. माझ्या बोटावरची शाई आपल्या बोटाला लागावी म्हणून तू भोकाड पसरायचीस. त्याच पोरीने मला 'कळत नाही' म्हणायला शिकवलं. असो.

तुझ्या खिडकीला पडदा लावलास का? घरमालकीण अजून कटकट करते? जेवणाच्या वेळा...

सांगते. किती टाळणार.

मंगळवारी दुपारी ते दोघे यादीवाले माझ्याकडे आले. ही चष्मा दुरुस्तीला गेली होती. एक फाइलवाला, दुसरा बारकासा, गोड बोलणारा. त्याने दारात बूट काढले. मला त्याचीच जास्त भीती वाटली. जो बूट काढतो तो बसायला आलेला असतो.

"आजी, तुम्हाला वाचता येतं?"

"नाही."

"म्हणजे कुणीतरी फसवून अंगठा घेतला. हो ना?"

मी हो म्हटलं.

"नातीची काळजी असेल तुम्हाला. नवी नोकरी आहे ना तिची?" तुझी नोकरी त्याला कशी ठाऊक? मग म्हणाला, "आणि हे पोटदुखीचं वाक्य? ते काही तुमचं नसणार."

"मला अडाणी बाईला असलं सुचतंय होय?"

"मग कुणाचं?"

तोंडाने मी नाव घेतलं नाही. समोरच्या दाराकडे बोट केलं.

त्याने भराभर काहीतरी लिहिलं, माझा अंगठा धरून शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. एकाही तोंडाने न वाचलेला कागद, चिमणे.

आणि ते वाक्य माझं होतं. ही तर नको म्हणत होती, "आजी, हे बोचेल." मी म्हटलं, बोचू दे. एकतीस वर्षं रात्रीच्या चादरी सकाळी मी धुतल्यात. कोण कशाने तळमळलं ते मला डागांवरून कळायचं.

काल हिला कागद आला. सोमवारी दहाला चौकशीला हजर व्हा. कालपासून मला विचारते आहे, "आजी, माझं नाव कुणी सांगितलं असेल हो?" आणि मी म्हणते, "लोकांचं काय सांगावं."

का थांबलीस? लिही. मी सांगितलं. मीच.

इथे लिहिणं थांबलं होतं. ती उठून खिडकीशी उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, ही आता दाराकडे वळली की मी आंधळीही झाले आणि मुकीही. मग म्हणाली, "त्या दुपारी मी चष्म्याला जायला नको होतं." येऊन बसली. "सांगा पुढे." नेहमीसारखं 'आजी' म्हणाली नाही.

पुढे एवढंच. सोमवारी मीही तिच्याबरोबर जाणार. मंगळवारचा कागद मला वाचून दाखवला नाही, तो माझा नव्हे. अर्ज दोनदा ऐकलाय, तो माझा. वाक्यही माझं. म्हणायला सोपं आहे, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बसवून ठेवतील का, किती वेळ, तिथल्या बाकाला पाठ असते का, लघवीला जाऊ देतात का, हेच फिरतंय डोक्यात. याची झळ तुझ्या नोकरीला लागेल. तुला न विचारता करते आहे, म्हणून तुझी माफी मागते. कुणी विचारलं तर सांग, म्हातारी माझं ऐकत नाही. ते खोटं नाही.

एवढं लिहून तिने मला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच, एकही चिन्ह न म्हणता. मग दुसरं तोंड हवं म्हणून खाली शिंप्याकडे आलो. त्याने मशीन थांबवलं, दार लोटलं आणि हळूहळू वाचलं. स्वतःच्या सहीची गोष्ट आली तिथे अडखळला, पण गाळली नाही. शब्दाला शब्द जुळला. हे शेवटचं त्याच्याच दुकानात बसून लिहून घेतलं, तेही त्याने वाचलं. तो सोमवारी येतो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही.

सोमवारी दुपारी फोनजवळ थांब. त्याआधी येऊ नकोस. फोन वाजला तर मीच असेन, आणि आधी तुला रागावेन. संध्याकाळपर्यंत नाही वाजला, तर माझी जाड शाल पेटीत अगदी वर ठेवली आहे. ती घेऊन तिकडेच ये.

खालचा ठसा जरा पसरलाय. तरी माझाच आहे.

तुझी आजी